घंटेनंतरचा नाश्ता

घंटेआधी

तो मागच्या दाराने आला, भिजून. छत्री होती, पण ती त्याने बगलेतल्या फायलीवर धरली होती... स्वतःवर नाही.

मला काय कल्पना? शाळेच्या मागच्या दाराने एक तर दूधवाला येतो, नाहीतर मावशीने कधीपासून मागितलेला हाताखालचा माणूस. मावशी माझी सख्खी, आणि शाळेचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. मी वर्गावर जायच्या आधी तिला हातभार लावते इतकंच. तिथला एकच कायदा आहे: आत आलेला माणूस रिकामा उभा राहणार नाही. तिने वर न बघताच त्याच्याकडे अॅप्रन फेकला. मी उकडलेल्या अंड्यांचं पातेलं पुढे सरकवलं आणि म्हटलं, सोला.

तो सोलू लागला. फारच वाईट. अर्धं अंडं टरफलाबरोबरच जात होतं. तुमचं अंड्यांशी काही वैर आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, वैर कसलं, आजच ओळख होतेय. हे म्हणताना तो अंड्याकडे बघत नव्हता.

मग वाढप. पाव, अंडं, केळं, पेलाभर दूध. पहिलीतल्या पोरांना दूध देताना तो गुडघ्यावर बसायचा, पेला त्यांच्या हातात नीट बसेपर्यंत सोडायचा नाही. मी मुद्दाम बघत नव्हते. दिसत होतं.

सगळं आवरल्यावर त्याला पाव दिला.

"खाऊन आलोय," तो म्हणाला.

त्याच क्षणी त्याच्या पोटाने जे सांगायचं ते मोठ्याने सांगितलं. मावशी खो खो हसली. मी नाही हसले. हे वाक्य मी रोज ऐकते, आणि तेही अगदी अशाच ताठ मानेने.

मग त्याने अॅप्रन काढून घडी घातली आणि अपराध्यासारखं सांगितलं... तो निधी समितीचा तपासनीस होता. नाश्ता चालू ठेवायचा की बंद करायचा, हे बघायला आलेला.

रिकाम्या बाकांबद्दल

बंद होणार, असंच दिसत होतं. आमचा नाश्ता वर्षभराच्या चाचणीपुरता होता, आणि जेवणाचा हॉल रोज अर्धा रिकामा. मुलांना गरज नाही असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. त्या पैशांतून कुंपण रंगवायचं, असंही कुणीतरी ठरवून ठेवलं होतं.

त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. पाऊस पडतोय, तरी ती मोठी मुलं फाटकाशी का उभी आहेत?

मी सांगितलं. घंटेआधी हॉलमध्ये कोण येतं? ज्यांच्या घरी सकाळी काही नसतं ते. म्हणजे त्या दारातून आत पाऊल टाकणं म्हणजे सगळ्या शाळेला घरचं सांगणं. लहानांना त्याचं काही नाही. मोठी मात्र पोटाला चिमटा काढतील, पण आत यायची नाहीत. माझ्या वर्गातली उंच वेणीवाली त्यांतलीच. पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकते, आणि आठवड्यातले निम्मे दिवस येतच नाही.

त्याने मघाच्या पावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मघाशी तुम्ही सगळे खात असता ना... तर मीही खाल्लं असतं."

इतकंच. पण ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

घंटेनंतर

वर्ग म्हणजे खानावळ नव्हे, असं मुख्याध्यापकांनी सुनावलं. सांडलवंड मी पुसेन, मी म्हटलं. मावशी नुसतीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ते तयार झाले.

घंटा झाली की टोपल्या वर्गात. सगळ्यांना, डॉक्टरांच्या मुलालासुद्धा. हजेरी तोंडात पाव असतानाच. नाव घेतलं की समोरून "हम्म" येई, आणि कुणाचा हम्म कुठला ते मला ओळखावं लागे. वेणीवालीने अंडं घेतलं, शेजारणीशी भांडत भांडत, न लाजता. दुसऱ्या दिवशी ती आली. तिसऱ्या दिवशीही. मग तर येणं इतकं सवयीचं झालं की मी बघायचंच सोडलं.

तो मात्र येतच राहिला. ज्याने वाढलं त्याने तपासायचं नाही, असा त्यांच्या कचेरीचा नियम. वाढल्याचं त्याने स्वतःहूनच सांगून टाकलं होतं, त्यामुळे काम हातचं गेलं. अहवाल त्याच्या साहेबांनी खुर्चीत बसूनच लिहिला, जुन्या आकड्यांवरून, रिकाम्या हॉलवरून.

मी विचारलं, आता तपासायचं काही राहिलं नाही, मग येता कशाला?

"अंडी सोलायला शिकतोय."

"अजून किती दिवस शिकणार?"

"ते शिकवणारीवर आहे..."

मावशीने पातेल्याचं झाकण उगाचच जोरात आपटलं.

बैठक

साहेबांनी अहवाल वाचला. कुणाची गरज दिसत नाही, बंद करावं. माना डोलल्या. कुणाला काही बोलायचंय का, समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. बोलण्याआधी शाळेशी आपला संबंध सांगायचा, हा तिथला रिवाज.

तो उठला.

"मी तिथे वाढतो. तिथेच खातो."

"आणखी काही नातं?"

"नातं..." तो थांबला. कान लाल झाले. "अजून विचारलेलं नाही. तिथल्या वर्गशिक्षिका आहेत, त्यांना. त्या नाही म्हणाल्या तरी मी आज हेच बोलणार आहे. म्हणून आधी सांगून टाकलं."

सगळी खोली माझ्याकडे वळली. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी टेबलावर चढावंसंही.

"ते तुमचं तुम्ही बघा," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि चष्म्याआड हसल्या. "नाश्त्याचं बोला."

तो बोलला. हॉल रिकामा होता तो मुलांची पोटं भरलेली होती म्हणून नाही, लाज होती म्हणून. आता वर्ग भरलेत. उद्या सकाळी या आणि बघा. साहेबांनी अडवलं, वर्गात खायचं तर शिकवायचं कधी?

मी उभी राहिले. 

"आधी मी टेकलेल्या डोक्यांना शिकवत होते, साहेब. आता डोळ्यांना शिकवते."

पहिला हात अध्यक्षबाईंचा. मग एकेक करत पलीकडच्या खुर्च्यांपर्यंत. शेवटी साहेबांचाही, थोडा अवघडून. नुसता आमचा नाही, गावातल्या प्रत्येक शाळेचा नाश्ता मंजूर झाला. घंटेनंतरचा. वर्गातला.

पायऱ्यांवर

भुरभुर पाऊस. मावशी आमच्या पुढे निघून गेली, मुद्दामच. तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला, चारचौघांत असं बोलायचं नव्हतं... पण रिवाज...

"हो," मी म्हटलं.

"हो म्हणजे... रिवाज आहे म्हणून हो?"

"नाही."

तो एक पायरी चुकला. मी त्याचा हात धरला, आणि सोडला नाही.

खाली मावशी बसमध्ये एक पाय टाकून उभी होती. बस आमच्यासाठी थांबवून धरली होती तिने. मंजूर झालं, मंजूर झालं, असं ती ड्रायव्हरला सांगत होती. काय मंजूर झालं, त्याने बिचाऱ्याने विचारलं.

तिने वळून आमच्या हातांकडे पाहिलं.

"दोन्ही," ती म्हणाली.