झाकण लावल्यावर

स्कूटीवरून केळझरच्या वावरात डबा पोचवायचा आणि सेलूला परतायचं, एवढंच पौर्णिमाचं काम होतं. लग्नाला दीड महिना झालेला. नवरा अश्वजित वर्ध्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवी. जीव मात्र सगळा वावरातल्या सरकत्या पत्र्याचं छप्पर असलेल्या खोलीत, दुर्बिणीपाशी. बायको पौर्णिमा आणि हा अमावस्येची वाट पाहणारा. तिला मनातल्या मनात हसू येई.

सात वाजून गेले होते. थंडी, ओल्या तुरीचा वास, चंद्र नाही. डबा टेकवते तोच त्याचा मोबाईल वाजला, उपग्रहाचा इशारा.

"गॅमा किरणांचा स्फोट. चार मिनिटं झाली." तो छपराचा पत्रा ढकलायला धावला. "कुठंतरी तारा फुटला, त्याच्या मागचा उजेड तासाभरात विझते. तीन वर्षं झाले पाहून राह्यलो, एकदाही सापडला नाई."

"मंग डबा?"

"डब्याले काही होत नाई. तू वेळ लिही."

मग तीही त्याच्यासारखीच धावायला लागली. दिवा बंद, उजेड फक्त लॅपटॉपचा. एकेक मिनिटाचा फोटो; दर वेळी दुर्बीण केसभर सरकवायची. कॅमेऱ्यातला डाग जागीच राहतो, खरा तारा सरकतो. तिसऱ्या फोटोत तो तिलाच आधी दिसला: जुन्या नकाशात नसलेला ठिपका. ताऱ्यांबरोबर सरकला. पुढच्यात मंद, त्यापुढच्यात आणखी मंद.

"विझून राह्यला, पौर्णिमा… खरा आहे." इतका आनंद त्याच्या तोंडावर तिनं लग्नातही पाहिला नव्हता.

जगभरच्या वेधशाळांना कळवायचा मजकूर तयार झाला. राहिले फक्त दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावून घ्यायचे काळे फोटो, कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करायला. झाकण तिनंच दाबून बसवलं.

पहिल्या काळ्या फोटोत तारे नव्हते. ठिपका होता.

"झाकण सैल असंल…"

ती चाचपून आली. "घट्टच आहे."

"मंग डागच होता." तो मटकन बसला. "गेलं सगळं."

"डाग जागा सोडत नाई म्हणता ना… अजून घ्या."

दुर्बीण स्थिर होती. दुसऱ्या फोटोत ठिपका मध्याकडे सरकला. तिसऱ्यात तेजाळला. बाहेरचे रातकिडे कधी थांबले, कळलं नाही. चौथ्यात ठिपका नव्हताच. कंकण होतं, मधोमध काळं.

"दुर्बिणीत लई जवळचा दिवा असा कड्यासारखा दिसते…" तो पुटपुटला.

"केवढा जवळ?"

त्यानं दुर्बिणीच्या नळीकडे पाहिलं. मजकूर पुसला, लॅपटॉप मिटला.

पौर्णिमानं मात्र सवयीनं वहीत वेळ लिहिली: आठ वाजून बारा मिनिटं. अक्षर जरा वाकडं आलं म्हणून तिनं ते पुन्हा नीट गिरवलं, आणि मगच तिच्या ध्यानात आलं, की खोलीत दिवा कुठलाच नाही.