दोन सेकंद उशिरा

१.

पहिल्यांदा मला त्याचा आवाज भेटला. चेहरा नंतर.

संग्रहालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी तीन वाजता परदेशी सिनेमे फुकट दाखवतात. मला जागतिक सिनेमाची आवड, म्हणून गेले होते.

खोटं. पुन्हा सांगते.

मे महिना होता. दादरला एका दाताच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला आहे, शनिवारी दोनला सुटते, आणि त्या हॉलला एसी होता. म्हणून गेले होते.

पडद्यावर हंगेरीतला एक नवरा सात वर्षांनी घरी परतत होता. बायकोनं दार उघडलं, काहीतरी म्हणाली. खाली इंग्रजी ओळ आली. मी तीन शब्द वाचले आणि ओळ गेली... तेवढ्यात मागून, माझ्या मानेपाशी –

"मेल्या, इतक्या दिवसांनी घराची आठवण इली तुका?"

मी फस्सकन हसले. वळून पाहिलं. चष्मा, दोन दिवसांची दाढी, ओशाळलेले डोळे. शेजारी पांढरी टोपी घातलेले म्हातारे.

"सॉरी हां," तो म्हणाला. "तात्या माझे आजोबा. इंग्रजी येत नाही, ऐकूही कमी येतं. गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते ना."

"साचे बंद झाले, आवाज कानातच रवलो," तात्या मोठ्यानं म्हणाले.

"इट्स ओके," मी म्हणाले.

[थांबू नका.]

ही चौकटी कंसातली ओळ माझी. सिनेमाला असते तशी मलाही खाली एक ओळ हवी. मी वर एक बोलते, खरं खाली असतं.

२.

पुढचे चार शनिवार. इराण, तुर्कस्तान, कुठली तरी बर्फाळ बेटं. मी दर वेळी त्यांच्या बरोब्बर पुढच्या खुर्चीत. सिनेमा डोळ्यांसमोर आणि बोलणं मानेमागे. त्याच्या आवाजात इराणमधली सासू लालबागची व्हायची, तुर्की पोलीस मालवणचा. प्रेमाचा प्रसंग आला की आवाज खाली जायचा, आणि तात्या ओरडायचे, "मोठ्यान् बोल, लाजतस कित्याक?"

सिनेमा संपला की बाहेर बागेत चहा.

"रोज आमच्याच पुढे का बसतेस गं? बाकीच्या खुर्च्या चावतात?"

"तिथे पंख्याचा वारा येतो."

"एसीत पंखा?"

"...मग एसीचा."

[तुझा.]

"माझं भाषांतर ऐकतेस ना चोरून?"

"कानावर पडतं. निम्मं चुकीचं असतं."

[मला काय कळणार चूक की बरोबर.]

त्याचं नाव अवधूत. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचा. "हलू नका, श्वास धरा" दिवसातून शंभर वेळा म्हणायचा. मी गिरगावची मनवा, मराठी शाळेतली. दवाखान्यात 'प्लीज हॅव अ सीट' फर्डं म्हणते. पण पेशंटनं इंग्रजीत दुसरा प्रश्न विचारला की मी फोन वाजल्याचं नाटक करते. वाचता येतं मला. हळू येतं. सिनेमातली माणसं माझ्यासाठी थांबत नाहीत.

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. "मला सबटायटल्सची सवय आहे," असं सांगितलं होतं. तेसुद्धा केस मागे सारत.

३.

सहावा शनिवार. जपानी सिनेमा. एक बाई तांदूळ निवडता निवडता थांबते आणि मुलीला काहीतरी सांगते.

"काय म्हणता ती?" तात्या.

अवधूत सांगायला लागला, तोच पलीकडून कुणीतरी चुकचुकलं. मग आणखी कुणीतरी. हॉल सांभाळणारी अक्षदा टॉर्च घेऊन आली आणि माझ्यापाशी वाकली.

"आर यू गेटिंग डिस्टर्ब्ड? तुम्ही सगळ्यात जवळ बसलाय, म्हणून विचारते."

अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता – का नाही? मग सगळ्यांना कळलं असतं, की ही पण त्या म्हाताऱ्यासारखीच.

"यस," मी म्हणाले. "अ लिटल."

[      ]

त्या वेळी खालची ओळ आलीच नाही.

मग तात्या, "अवधूता, काय म्हणता ती?"

"काही नाही, तात्या. नुसतं बघा."

माझी मान भाजत होती. तांदळाची बाई बोलत राहिली, शेवटी रडली. का रडली, मला आजतागायत माहीत नाही.

४.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आले. शेवटची रांग, खांबाआड. मी पडद्यापेक्षा मागेच जास्त पाहिलं. तात्या पडद्याकडे भिंतीकडे बघावं तसे बघत होते. मग हनुवटी छातीवर टेकली.

चहाला मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मला काहीतरी सांगायचंय. मी... म्हणजे मला ते खालचं –"

"वाचून होत नाही," त्यानं वाक्य पुरं केलं.

"तुला कसं कळलं?"

"सबटायटल आलं की सगळे हसतात," अवधूत म्हणाला. "मी बोललो की तू हसतेस. दोन सेकंद उशिरा. पहिल्या दिवसापासून. एक्स-रे काढतो मी, मॅडम."

जमीन दुभंगावी, असं वाटलं.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुला खोटं पाडू?"

"राग नाही आला?"

"आला ना. माझं सोड गं. तात्यांचा सिनेमा गेला." त्यानं कप खाली ठेवला. "दोन आठवडे विचारतायत, ती तांदूळवाली काय म्हणाली."

"तू सांगितलंस?"

"पुढचं वाचलंच नाही मी. तुझ्या मानेकडे बघत होतो."

५.

आजचा शनिवार. दिवे मालवायच्या आधी मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, हे खरं आहे, पुन्हा सांगायची गरज नाही.

"अक्षदा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला यांचा त्रास होत नव्हता. मला इंग्रजी तेवढ्या वेगानं वाचता येत नाही. मी यांच्या बोलण्यावरच सिनेमा बघते."

कुणीतरी खोकलं. कान इतके तापले की वाटलं, अंधारातही दिसतील.

अक्षदानं टॉर्च डावीकडे रोखला. "डावीकडची स्पीकरजवळची रांग घ्या," ती म्हणाली. "तिथे बोललात तर चालेल."

आम्ही उठलो. तिसऱ्या रांगेतल्या एक काकू भाजीची पिशवी उचलून, कुणाकडे न बघता, आमच्या मागोमाग आल्या.

या वेळी मी पुढे नाही, शेजारी बसले.

पडद्यावर बंदराचा धक्का, एक होडी, काठावर एक बाई. ती नुसती समुद्राकडे बघत होती. खाली ओळ नव्हती.

"काय म्हणता ती?" तात्या.

अवधूत तात्यांच्या कानाशी वाकला, आवाज खाली गेला, बघत मात्र माझ्याकडे होता. "ती म्हणते... पुढच्या शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्या रविवार आहे. चहाला येशील?"

"काय सांगतंस!" तात्या गरजले. "तिना तोंडच उघडूक नाय!"

अख्खा हॉल हसला. काकूंची पिशवी हलत होती.

मी दोन सेकंद थांबले नाही.

"हो," मी म्हणाले.

[हो.]