मार्गळीतलं भोपळ्याचं फूल

"अहो, थांबा! चाक घातलंत तर याद राखा!"

पहाटेचे पाच वाजले होते. अमुदा रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसून तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होती, आणि समोर मोटारसायकलवर एक तरुण पाय टेकवून उभा होता. शर्टाला चिखल, डोळ्यांत झोप...

"चाक नाही घालत. पण मी जाऊ कुठून? सगळा रस्ताच घेतलाय तुम्ही."

"उडत जा."

"रात्रभर एका म्हशीचं बाळंतपण केलंय. उडायचं त्राण नाही हो!"

अमुदाला हसू फुटलं. हा समोरच्या शारदांबाळ टीचरांच्या माडीवर नवीन आलेला गुरांचा डॉक्टर, मुगिलन. तमिळच, पण जन्म आणि शिक्षण सगळं अंदमानातलं. तो उतरला, भिंतीला चिकटून गाडी ढकलत गेला, आणि जाताना त्यानं मागं वळून बघितलं. कोलमकडे की तिच्याकडे, ते काही तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोलमच्या मधोमध भोपळ्याचं पिवळंधमक फूल!

वर्ष सरत येताना येणारा हा मार्गळी महिना कुंभकोणमकडच्या बायकांचा. भल्या पहाटे नहायचं, दारात कोलम काढायचं, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर त्यावर भोपळ्याचं फूल ठेवायचं. महिनाभर लग्नाचा विषय कुणी काढत नाही, नुसती फुलं बघून ठेवतात. पुढचा तै महिना लागला की मग स्थळं येतात.

गेल्या वर्षी करूरच्या लोकांनी अमुदाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. दुधानं तोंड पोळलेली ती, यंदा तिनं आईला बजावलं होतं, "अम्मा, आपल्या दारात फूल नको. मला कुणाला दाखवून घ्यायचं नाही."

आणि तरी हे फूल! अम्मानंच ठेवलं, दुसरं कोण? रागानं ती दिवसभर अम्माशी बोलली नाही. अम्मा मात्र खुशीत. तिला वाटलं, पोरीनंच ठेवलंय. आता मन वळलंय, पण लाजतेय. उगीच विचारून बिचकवा कशाला? अशा दोघी एकमेकींकडे बघून गप्प, आणि फूल रोज हजर. पहिले काही दिवस ते नुसतंच आडवं पडलेलं असे. मग एकाएकी शेणाच्या गोळ्यात खोचून, अगदी रीतीप्रमाणे ताठ उभं.

शेवटी एका पहाटे अमुदा पिठाचं भांडं घेऊन आत गेली ती खिडकीआड उभी राहिली. समोरच्या माडीवरून डॉक्टर दबक्या पावलांनी उतरला. ओंजळीत फूल. ते कोलमवर ठेवून त्यानं असं काही समाधानानं बघितलं...

पण याला अर्थ माहीत आहे का? माहीत असेल, तर केवढी मोठी गोष्ट! नसेल, तर काहीच नाही. टीचरांच्या गच्चीवर भोपळ्याचा वेल आहे, फुलं फुकट आहेत, एवढंच. विचारायचं तरी कसं?

"तुमच्या अंदमानात कोलमवर फूल ठेवतात का हो?" दोन दिवसांनी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमच्याकडे कोंबड्या फार. फूल टिकत नाही."

"आणि इथं?"

"इथं... टिकेल असं वाटतंय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आता याचा अर्थ काय काढायचा? अमुदा रात्री हो म्हणायची, सकाळी नाही म्हणायची. पोळ्या करपल्या, ब्लाउज उलटा शिवला. तेवढ्यात अम्मानं, मार्गळी असूनही, हळूच बातमी सांगितली. दिंडिगलच्या कुणीतरी दारातलं फूल बघितलं होतं. मुलगा बँकेत. तै लागली की पहिल्याच दिवशी अप्पा होकाराचा फोन करणार होते.

"मला न विचारता?"

"महिनाभर दारात फूल ठेवून आता मलाच विचारतेस?"

"मी ठेवलं?"

"मग काय मी?"

अमुदानं जीभ चावली, पण नाव काही सांगितलं नाही. जो स्वतः बोललाच नाही, त्याचं नाव कसं घ्यायचं?

भोगीची पहाट उजाडली, मार्गळीचा शेवटचा दिवस. दारोदारी जुन्या चटया, केरसुण्या जळत होत्या. मुगिलन एक फाटकी टोपली घेऊन आला आणि अमुदानं वाट अडवली.

"डॉक्टर, त्या फुलाचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?"

तो गडबडला. "पहिल्या दिवशी नव्हता. कोलम आवडलं, म्हणून ठेवलं. चौथ्या दिवशी टीचरांनी झापलं. म्हणाल्या, अरे येड्या, याचा अर्थ असा असा..."

"आणि मग पुढचे वीस-बावीस दिवस?"

"मग... मुद्दाम. अर्थ कळल्यावर जास्तच ठेवावंसं वाटलं."

तिचे डोळे भरून आले. रागानं की आनंदानं, तिचं तिलाही कळेना. "मग तोंडानं का नाही बोललात?"

"टीचर म्हणाल्या, मार्गळीत लग्नाचं बोलायचं नसतं! म्हणून ओठ आवळून गप्प बसलो. तुम्हाला फूल सांगतंय ना, म्हटलं."

"फूल एवढंच सांगतं की घरात मुलगी आहे! कुणाची व्हायची ते नाही सांगत! सगळ्या गावाला दवंडी पिटलीत तुम्ही. उद्या अप्पा दिंडिगलला होकार कळवणार आहेत!"

त्याच्या हातातली टोपली खाली पडली. "आणि... तुम्हाला काय हवंय?"

अमुदा तरातरा वळली आणि घराकडे गेली. ओट्यावर अप्पा कॉफी पीत बसले होते. जन्मात चार शब्द न बोलणारा माणूस. ती त्यांच्यापुढे उभी राहिली.

"अप्पा, दिंडिगलला फोन करू नका. मला समोरचे डॉक्टर आवडतात. लग्न केलं तर त्यांच्याशीच करीन."

आत अम्माच्या हातून भांडं पडलं. अप्पांनी कॉफीचा घोट सावकाश गिळला आणि रस्त्यापलीकडे पुतळ्यासारख्या उभ्या राहिलेल्या मुगिलनकडे बघितलं.

"मार्गळीत असलं बोलू नये, पोरी," ते म्हणाले. "उद्या सूर्य वर आला की हेच पुन्हा सांग. आणि त्यालाही म्हणावं, ये. शर्ट तेवढा धुतलेला घाल म्हणावं."