मिनलच्या कमरेवरचा डाग

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, पोरांनो. ही माझ्या साडूच्या पोराची, अश्विनची गोष्ट आहे. दोन हजार चोवीसचा पोळा, सोमवार, दोन सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघायची, म्हणून नागपूर अर्धं जागंच होतं. रात्री पावणेदोनला अश्विन दवाखान्याच्या खाली सलाइनची बाटली आणायला गेला.

वर त्याची बायको मिनल पडलेली. हिंगण्याकडे घरामागचं गवत कापलं आणि दहा दिवसांनी तापली. पुढच्या आठवड्यात मान ताठली, बरळणं सुरू झालं, नवऱ्याला ओळखेना. तिची मोठी बहीण पुष्पलता मागच्या वर्षी अशीच गेली होती. तेव्हा घरचे अंगारे-धुपारेच करत बसले होते. म्हणून अश्विननं मिनलला सरळ दवाखान्यात आणलं. शहाणा पोरगा, पण एका जागी त्यानंही माती खाल्लीच.

मिनलच्या कमरेवर, नेसूच्या गाठीखाली, चिंचोक्याएवढा काळा डाग होता. आपल्याकडे अजून कुठं कुठं ताप उतरावा म्हणून तापल्या विळ्यानं डागतात. याचा संशय थेट आईवर.

"माय, तूच डागलं ना तिले?"

"देवाशपथ, म्या हात नाई लावला गा!"

याला खरं वाटलं नाही. म्हातारीला पोलीस नेतील, या भीतीनं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "अंगावर काही नाही जी." वर गाठ आणखी आवळून दिली.

बाटली घेऊन तो परत आला. माय बाहेर बाकावर झोपलेली. आत मिनल बोलत होती. रिकाम्या स्टुलाकडे बघून.

"कोणाशी बोलून राहिली वं?"

"ताई आली..."

अश्विननं बाटली खाली ठेवली.

"ताई म्हणते, माह्याबी कमरेवर असाच डाग होता... काहून लपवून राहिले जी?"

...

स्टूल सरकलं. थोडंसंच.

"डॉक्टर!" तो ओरडला. त्यानंच गाठ सोडली.

डॉक्टरांनी टॉर्च मारला. "हे डागणं नाही. गवतातला बारीक किडा चावल्याची खूण आहे. त्याचाच ताप मेंदूपर्यंत गेलाय. आधी का नाही दाखवलं?"

औषध बदललं. चौथ्या दिवशी मिनलनं त्याला नावानिशी ओळखलं. अश्विन आईच्या पाया पडून लहान पोरासारखा रडला.

काळी खपली दिवाळीआधी पडून गेली. पण त्या रात्री गाठ सोडली, तेव्हा डागाभोवती हळदीचं कडं होतं. ओलं. बोटानं काढलेलं. मायनं हळद आणली नव्हती, दवाखान्यात कुठून येणार?

ते कडं अजून आहे. मिनल रोज साबणानं घासते...

जात नाही.