बिननावाचा चहा

इटलीत नेपल्सला शिकायला निघताना अर्पिताला वाटलं होतं, दोन वर्षं पाकीट छातीशी धरून काढायची. सापडलं भलतंच. गल्लीवर आडव्या दोऱ्या, त्यांवर वाळणारे कपडे, एका स्कूटरवर तिघं, तिसऱ्या मजल्यावरून टोपली सोडून भाजीवाल्याशी भांडणाऱ्या म्हाताऱ्या. समुद्र सोडला तर थेट आपल्या जालन्यातलं मस्तगड! आणि सगळ्यांत गोड रीत कॉफीची. माणूस एक कॉफी पिई, पैसे दोनचे देई. दुसरी कुणा अनोळखी गरजवंताला. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा नाही.

ही रीत जालन्यात रुजवायचीच, या वेडानं ती परतली. एमआयडीसीत, स्टील मिलच्या रस्त्यावर, तिच्या भिवाकाकाचं चहाचं हॉटेल होतं. तिथं तिनं कॉफीच्या जागी चहा धरून सुरुवात केली. पंधरा दिवसांत पैसे ठेवणारे बरेच निघाले. घेणारा एकही नाही.

"कोणाच्या नावाचा हे?" ज्याच्या-त्याच्या तोंडी हेच.

"कोणाच्याच नाही! तेच तर!"

"मंग नको, ताई. उद्या हात जोडत येईल कोणी, मत दे म्हणून."

मधे तीन दिवस गेले, आणि एका संध्याकाळी ती पोचली तर बाकाच्या टोकाला भरलेला कप बशीसकट मांडलेला. बाक रिकामं. शिफ्ट सुटलेली माणसं रस्त्यापलीकडे उभी.

"काका, मागितल्यावर द्यायचा असतो. मांडून नाही ठेवायचा!"

"जाहिरात करून राह्यलो ना तुझी," काका ओशाळून म्हणाला. "पण कप मांडायला लागून तीन दिवस झाले, गिऱ्हाईक तुटलं. असंच चाललं तर हॉटेल उचलावं लागंल, पोरी."

भट्टीवरचा जुना कामगार रामकिसन पलीकडूनच बोलला, "ताई, आमच्यात मानूस गेल्यावर दहाव्याला असा चहा ठिवतेत. पन नाव घेऊन. बिननावाचा कोण ठिवतं?"

"चहाच आहे, रामकिसनभाऊ! या, तुम्हीच प्या!"

कुणी हललं नाही. अर्पिताचं डोकं तडकलं. ती तरातरा जाऊन त्या कपाशेजारीच बसली.

तेवढ्यात वीज गेली. मिलचा खडखडाट एकाएकी थांबला. त्या शांततेला तापल्या लोखंडाचा वास होता. बाकाची फळी कपाच्या बाजूला हळूच दबली... मग बशीत चहा ओतल्याचा आवाज. आणि भुरका. एक... दुसरा...

"काका, तुम्ही का?"

"मी इकडं हे गं... चुलीपाशी."

दिवे आले. कप रिकामा होता. बशीच्या कडेवर चार बोटांचे काळे ठसे.

"आलता एक परमुलखातला," रस्ता ओलांडून आलेला रामकिसन कुजबुजला. "ठेकेदारानं आनला, तिसऱ्या दिवशी भट्टीवर भाजून मेला. नाव कोणालाच ठाऊक न्हाई. न्यायलाबी कोणी आलं न्हाई... बशीतच प्यायचा."

अर्पिता घाबरली होती, पण भीतीहून संताप मोठा. अख्ख्या एमआयडीसीत नाव न विचारता चहा घेणारा एकच निघाला, आणि तो हा! पंधरा दिवस जिवंत माणसांशी डोकेफोड केली. आणि ज्याच्यासाठी करायची, तो या रस्त्यानं तीन दिवस चालून गेला, तेव्हा त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी काका कुलूप काढत होता तेव्हा ती म्हणाली, "मी मिलच्या गेटवर जाते. त्याचं नाव काढून आणते. नाव घेऊन ठेवला तर रामकिसनभाऊ बसतील ना बाकावर?"

"बराबर बसंल. मला बी तेच..."

शटर वर गेलं. रात्री त्यानं सगळे कप धुऊन पालथे घातले होते. किल्ली त्याच्याच कमरेला होती. आता बाकावर सात कप सुलटे मांडलेले, सातही पिऊन संपलेले. तळाशी ओली चहापत्ती.

काका दारातच बसला. अर्पितानं एकेक कप उचलून पाहिला.

"एक नाव नको, काका," ती म्हणाली. "भट्टीवर गेलेल्या सगळ्यांची नावं ठेकेदाराकडून घेते. दिल्याशिवाय गेट सोडत नाही."

"आणि तवर?"

"तोवर सात कपांचं आधण ठेवा."