सगळ्यात मागे चालणारा

"खरचटल्यावर लावायच्या पट्ट्या द्या. शंभर. कापसाची गुंडाळी, दोन क्रेप बँडेज, ओआरएसची वीस पाकिटं आणि... हां, लहान मुलांच्या उलटीच्या गोळ्या."

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या, घरीदारी सगळे जिला धाकटी म्हणत, तिने मान वर केली. समोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. कानावर पेन्सिल, शर्टावर लाकडाचा भुसा आणि चेहऱ्यावर हसू. शंभर पट्ट्या मागताना लोक जरा तरी गोंधळतात, पण या गृहस्थाचं तसं काही नव्हतं.

"किती मुलं आहेत तुम्हाला?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"सतरा."

पट्ट्यांचा डबा तिच्या हातातून निसटता निसटता राहिला.

"लग्न मात्र अजून व्हायचंय," तो म्हणाला आणि असा काही मोकळा हसला, की खोकल्याच्या औषधाला आलेले आजोबासुद्धा हसले.

मग उलगडा झाला. तो पलीकडच्या गल्लीतला सुतार. महिन्यातून एका रविवारी आजूबाजूची मुलं आणि त्यांचे आईबाबा यांना घेऊन शहराबाहेरच्या डोंगरावर जायचा.

"म्हणजे तुम्ही म्होरके," ती म्हणाली.

"छे! पुढे सगळ्यात लहान मूल चालतं. त्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. ते दमलं की सगळ्यांनी बसायचं. मी सगळ्यात मागे असतो. माझ्या मागे कुणी राहिलं नाही ना, हे बघणं एवढंच माझं काम. पोरं मला शेपूटकाका म्हणतात."

धाकटी हसली खरी, पण ते वाक्य तिच्या आत कुठेतरी जाऊन रुतलं. माझ्या मागे कुणी राहिलं नाही ना...

"गोळ्या अशा घाऊक मिळायच्या नाहीत," ती घाईने म्हणाली. "मुलाचं वजन, वय, डॉक्टरांची चिठ्ठी... सगळं लागेल. आणि ते बोट दाखवा."

"कुठलं?"

"जे मघापासून लपवताय ते."

त्याच्या बोटात लाकडाचं कुसळ घुसलं होतं. तिने चिमटा आणला, त्याचा हात काउंटरवर धरला आणि कुसळ अलगद ओढून काढलं. तो ओरडला नाही. तिच्याकडेच बघत राहिला होता. तिच्या ते ध्यानात आलं, तेव्हा काम संपूनही तिने हात धरूनच ठेवला होता!

जाताना त्याने दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवायची परवानगी मागितली. रविवारी डोंगर, सहा वर्षांपुढची मुलं, रडणाऱ्या मोठ्यांनाही प्रवेश. संध्याकाळी धाकटीच्या ताईची लेक दुकानात आली आणि तिने तो कागद मोठ्याने, अडखळत, शेवटपर्यंत वाचला. एका जागी म्हणून ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. वय वर्षं सहा पूर्ण, तेही मागच्याच आठवड्यात.

"मावशी, आपण जायचं!"

ताईचा पाय प्लास्टरमध्ये, भावजी परगावी. म्हणजे न्यायचं तर मावशीनेच. रात्रीच्या जेवणाला ताईने हळूच विचारलं, "धाकटे, जमेल तुला? नाहीतर राहू दे. मी समजावते हिला."

ताईलाच माहीत होतं. आठ वर्षांची असताना धाकटी अशाच एका डोंगरावर हरवली होती. मोठी माणसं लांब लांब ढांगा टाकत पुढे गेली, 'चल पटापट' म्हणत राहिली, आणि मग ते म्हणणंही ऐकू येईनासं झालं. ती वेड्यासारखी पळत सुटली होती. आवाज येईल तिकडे पळायचं, तिथे कुणी नसायचं. दोन तास! कारण खालपर्यंत पोहोचेतो कुणी मोजलंच नव्हतं. सापडल्यावर काका म्हणाले, "मागे राहतेस कशाला गं, रडूबाई?" त्यानंतर एकवीस वर्षं तिने डोंगराकडे पाठ फिरवली होती.

पण भिंगरीच्या डोळ्यांत डोंगर चढून बसला होता. आपली भीती या पोरीच्या पायात अडकवायची? छे.

"जमेल," ती म्हणाली.

रविवारी सकाळी पायथ्याशी शेपूटकाकांनी तिची पाठपिशवी उचलून बघितली आणि डोळे मोठे केले. "अहो, अख्खं दुकान उचलून आणलंत?"

"लागलं तर?"

"रक्तदाब मोजायचं यंत्र कशाला?"

"तुमचा मोजायला."

"मग आत्ताच मोजा," तो हळूच म्हणाला. "वाढलाय थोडा."

ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी मुळात सुटलेलीच नव्हती. यंत्र, जाडजूड छत्री आणि दोन बाटल्या मागे गाडीत राहिल्या. पिशवीत उरलं ते पाणी, केळी, शेंगदाणे आणि पट्ट्या.

मग त्याने प्रत्येकाच्या गळ्यात नारिंगी शिट्टी घातली. मुलांच्या आणि मोठ्यांच्याही. एक बाबा कुरकुरले, तर म्हणाला, "मोठी माणसं हरवत नाहीत, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" नियम तीनच होते. वाट सोडायची तर शेपटाला सांगून. हरवलो असं वाटलं तर पळायचं नाही. जवळचं झाड धरायचं, तीन शिट्ट्या मारायच्या आणि तिथेच थांबायचं. आणि प्रत्येक थांब्यावर आपापला आकडा ओरडायचा. भिंगरी सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यात पुढे. तिचा आकडा एक. धाकटीचा तेवीस, त्याचा चोवीस.

चढण सुरू झाली. घाई कशाचीच नव्हती. खरखरीत पान शोधा, हसरा दगड शोधा, झाडाला कान लावून काय ऐकू येतं ते सांगा... मुलं चालतायत हे त्यांच्याच ध्यानात येत नव्हतं. अर्ध्या तासाने भिंगरीने फतकल मारली, तर तेवीस माणसं निमूट बसली. त्यात निवृत्त मुख्याध्यापिका बाईसुद्धा होत्या, ज्यांच्यापुढे एके काळी अख्खी शाळा उभी राहायची.

मागे ती दोघं चालत होती. तेवीस आणि चोवीस.

"घाबरलाय तुम्ही," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर दहा पावलांनी मागे बघताय. मागे मी आहे... बघत राहा, माझी हरकत नाही."

"फारच बोलता हो सुतारदादा!"

"दादा नका म्हणू," तो कळवळून म्हणाला. "बाकी काहीही चालेल."

तिला इतकं हसू आलं की चढाचा दम लागलाय हेही ती विसरली. आणि मग तिने एकवीस वर्षांत ताईशिवाय कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. पळणं, आवाज, रडूबाई, सगळं. सांगून झाल्यावर तो इतकंच म्हणाला, "आज मोजतोय आपण."

माथा जवळ आला तसं धुकं उतरलं. शेवटचा थांबा होता, केळी वाटली जात होती. आणि धाकटीची पंचाईत झाली. तिला लागली होती! पोरं सकाळपासून बेधडक कोकलत होती, "शेपूटकाका, शूऽऽ!" पण एकोणतीस वर्षांच्या बाईने, ज्याच्याकडे बघितलं की कानशिलं गरम होतात, त्या माणसाला हे सांगायचं कसं? तिने नाही सांगितलं. गुपचूप सटकली, दोन झुडपं ओलांडून तिसऱ्यामागे गेली.

परत वळली, तेव्हा वाट नव्हती. सगळीकडे पांढरं.

दुरून मोजणी ऐकू आली. एक... दोन... कोवळे, खरखरीत आवाज एकामागून एक. मग मोठ्यांचे. एकवीस. बावीस.

आणि मग शांतता.

आवाज या बाजूने आला की त्या? तिचे पाय आठ वर्षांचे झाले. पळ, पळ, आत्ताच्या आत्ता पळ... एक पाऊल उचललंही. पण ती शांतता तिच्या आकड्यावर थांबली होती. तिच्याच आकड्यावर! कुणीतरी मोजलं होतं. तेवीस हा आकडा आला नव्हता, आणि सगळे तिथे अडून बसले होते.

तिने पाऊल मागे घेतलं. शेजारचं झाड दोन्ही हातांनी कवटाळलं, गाल त्या ओल्या सालीला टेकवला आणि शिट्टी तोंडात धरली. एक, दोन, तीन. थांबली. पुन्हा एक, दोन, तीन.

"तिथेच थांबा!" त्याचा आवाज आला. "वाजवत राहा!"

ती वाजवत राहिली. धुक्यातून आधी कानावरची पेन्सिल दिसली, मग तो. धावल्यामुळे धापा टाकत होता. चेहऱ्याचा रंग उडालेला.

"सगळे एकमेकांचे हात धरून बसलेत, बाई आहेत त्यांच्यापाशी... तुम्ही... सांगितलं का नाही?"

"लाज वाटली," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "मला... शू लागली होती."

मग दोघंही झाड धरून, पोट धरून हसली.

"हरवले मी पुन्हा," ती डोळे पुसत म्हणाली.

"नाही. हरवलेलं माणूस पळतं. तुम्ही जागेवर होतात, म्हणून तर लगेच सापडलात." तो थांबला. "घाबरलो तर मीच होतो. बावीसनंतर कुणी बोलेना, तेव्हा... जाऊ दे. चला."

त्याने हात पुढे केला. तिने धरला, आणि या वेळी सोडला नाही.

मुलांनी तिचं असं स्वागत केलं, की जणू तिने काही पराक्रमच गाजवला होता. भिंगरीने कमरेवर हात ठेवून दम भरला, "मावशी, शेपटाला सांगायचं असतं ना! आता तू माझ्यासोबत पुढे चल." आणि मावशी पुढे चालली. एका सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरून, तिच्याच वेगाने. शेवटच्या चढावर धुकं फाटलं, ऊन आलं आणि समोर चढायला काही उरलंच नाही. माथा! खाली सगळं शहर पसरलं होतं. धाकटी दोन्ही हात वर करून ओरडली. पोरांनीही आरोळ्या ठोकल्या.

"मोजणी!" मागून आवाज आला.

"एक!" भिंगरी किंचाळली. दोन, तीन... बावीस.

"तेवीस!" धाकटी इतक्या जोरात ओरडली की पक्षी उडाले. एकवीस वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता तो.

पुढे काहीच नाही. सगळे मागे वळले. शेपूटकाका चढाच्या टोकाशी नुसतेच उभे होते. गप्प, तिच्याकडे बघत.

"काका, चोवीस म्हणा ना!" भिंगरी वैतागली. "अगं बाई, शेपूटकाका हरवले!"

"हरवलोय खरा," तो म्हणाला. नजर तिच्यावरून हलली नाही. "त्या काउंटरपाशीच... कुसळ काढलंत तेव्हा."

अठरा पोरं आणि चार मोठी माणसं केळ्याची सालं हातात धरून तशीच थांबली. मुख्याध्यापिका बाईंनी मुद्दाम दुसरीकडे बघायला सुरुवात केली. धाकटीची कानशिलं तापली होती, पण आता काही लपवायची तिची तयारी नव्हती.

"मग नियम माहीत आहे ना तुला?" ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. "पळायचं नाही. जागेवर थांब. मी येते."

आणि ती सगळ्यांच्या देखत, एकेक पाऊल मोजत, सगळ्यात पुढून सगळ्यात मागे गेली.

"चोवीस," तो पुटपुटला.

"आता मावशीपण हरवली!" म्हणत पुढे भिंगरीने तीन शिट्ट्या मारल्या.