संकष्टीला न तुटलेली तार

"तुमची लाइन उत्तम आहे. तक्रार बंद करण्यात आली आहे. आपला दिवस शुभ असो."

"शुभ कसला असो!" शाल्मली ओरडली. "सातव्यांदा बंद केलीस! रोज संध्याकाळी सातला लाइन मरते आणि तू म्हणतोस उत्तम?"

पडद्यावर टेलिफोन कंपनीचा यंत्रमानव तारदूत हसतच राहिला. त्याला तेवढा एकच चेहरा दिलेला होता.

साल होतं २०६१. शाल्मलीची आई समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत काम करायची. प्रयोगशाळेचा तरंगता मनोरा रोज सात ते सव्वासात पाण्यावर यायचा, आणि तेवढ्या पंधरा मिनिटांतच घरी बोलता यायचं. उद्यापासून आई आणखी खोल दरीत उतरणार होती. मग चाळीस दिवस एक शब्दही नाही. म्हणजे आजचंच बोलणं काय ते. आणि आंबेखोल गावात इंटरनेट यायचं ते अजून जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. दरड कोसळली की नव्या काचतारा (ऑप्टिकल फायबर) तुटत. ही म्हातारी तार तेवढी टिकून होती.

आत्याआजी आतून आली. तिने तीस वर्षं रेडिओ-दुर्बिणीवर (आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या थाळीवर) काम केलं होतं. तिचा आवाज कधी चढत नसे.

"तारदूता, लाइन तपासलीस किती वाजता रे?"

"सकाळी अकरा वाजता. सातही वेळा."

"ताप संध्याकाळी चढतो आणि वैद्यबुवा सकाळी नाडी बघून जातात. वा!"

"मोडेम बंद करून पुन्हा चालू करा," तारदूत म्हणाला.

"चाळीस वेळा केलाय!" शाल्मलीने वही आपटली. "आत्याआजी, तू म्हणालीस तसं घरातले दोन्ही फोन काढले, मोडेम (संगणकाचे संदेश तारेवरच्या कंपनांत बदलणारी पेटी) थेट पहिल्या खोबणीत लावला. तरी तुटलीच."

"म्हणजे दोष घराबाहेर. फोनवर बोलता येतं का तेव्हा?"

"येतं. नुसती खरखर होते. मग इंटरनेटच का मरतं? तार तर एकच आहे!"

"तार एक, पण वाटा दोन. आपल्या बोलण्याची कंपनं संथ, सेकंदाला काहीशे ते तीनेक हजार. इंटरनेटची लाखोंनी. बारीक सुरात गाणाऱ्याचा गळा गोंगाटात आधी बुडतो, तसं होतंय. प्रश्न एवढाच, की सातला गोंगाट करतो कोण? वही दाखव बघू."

वहीत रोज तेच. सात वाजता तुटली, सव्वासातला आली. फक्त रविवारी सातला तार ठणठणीत होती आणि रात्री नऊ वीसला तुटली.

"त्या दिवशी आईशी पूर्ण बोलले मी," शाल्मली म्हणाली. "या रविवारचं काही कळतच नाही."

आत्याआजी वहीकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "रविवारी मी जेवले किती वाजता?"

"तू? रात्री. उपास होता ना तुझा, संकष्टीचा. चंद्र उगवल्यावर, आरती झाल्यावर..." शाल्मली थांबली. "आरती! रोज सातला असते, त्या दिवशी चंद्रोदयाला झाली!"

दोघी मागच्या अंगणात धावल्या. भिंतीपलीकडेच गणपतीचं देऊळ. गेल्या महिन्यात तिथे आरती-यंत्र (मोटारीवर घंटा, झांजा आणि नगारा वाजवणारी पेटी) आलं होतं.

"त्या मोटारीत बारीक ठिणग्या उडतात," आत्याआजी म्हणाली. "एकेक ठिणगी म्हणजे इवलंसं रेडिओ केंद्रच."

"पण टेलिफोनची तार असल्या गोंगाटाला पुरून उरते असं तूच सांगितलंस."

"उरते, पिळलेली असली तर. मोडेम दोन तारांमधला फरक वाचतो. दोघींवर गोंगाट सारखाच पडला, तर फरक पडतच नाही. म्हणून त्या वेणीसारख्या गुंफतात. कधी ही पुढे, कधी ती. आता वर बघ."

देवळाच्या भिंतीवर विजेच्या केबलला चिकटून पाच-सहा हात लांब सपाट तार ताणलेली होती. पीळ नावालाही नाही. झाड पडल्यावर कंपनीनेच जोडलेलं ठिगळ!

तारदूताला फोटो गेला. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "गोंगाट देवळाचा आहे. देवळाविरुद्ध तक्रार नोंदवू?"

"घराचं दार उघडं टाकायचं आणि पावसाला नावं ठेवायची?" आत्याआजीचा आवाज तेवढाच मऊ होता, पण शाल्मलीला प्रथमच त्या आवाजाची भीती वाटली. "ठिगळ तुमचं. तूच बदल."

"दुरुस्ती उद्या सकाळी अकराला."

सहा पस्तीस झाले होते. शाल्मली देवळात पळाली.

"गुरवकाका, आज यंत्र लावू नका! हाताने वाजवा, एवढी एकच गोष्ट बदलून बघायचीय."

"हाताने? आणि हात कुठनं आणू? यंत्र आल्यापासून पोरं फिरकत नाहीत."

"पोरं मी आणते."

मैदानावरून आठ जण आले. क्रिकेट अर्धवट राहिलं म्हणून कुरकुरत आले, आणि नगारा कोणी बडवायचा यावरून देवळातच भांडू लागले.

सात वाजले. पडद्यावर आई आली. शाल्मलीने मोडेमच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. पलीकडे घंटा घणघणली. दिवा हलला नाही.

"अगं, किती दिवसांनी दिसलीस! रागावलीस माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही, कंपनीवर!" आणि शाल्मली सगळं सांगत सुटली, ठिणग्या, पीळ, संकष्टी, ठिगळ. सात वाजून सहा मिनिटं झाली. आठ. दहा. आई हसत ऐकत होती. पडद्याच्या कोपऱ्यात तारदूताची अक्षरं उमटली: "सात वाजता लाइन तपासली. पुरावा मान्य. तक्रार पुन्हा उघडली आहे. यापुढे प्रत्येक लाइन तक्रारीत सांगितलेल्या वेळीच तपासली जाईल."

"बघ! आठव्यांदा कळलं त्याला!"

"चाळीस दिवसांनी मी वर येईन, तेव्हा यंत्र लावलं तरी तार टिकेल ना?"

"टिकायलाच हवी. पीळ मी स्वतः मोजणार आहे."

आई एकदम पुढे झुकली. तिने कान पडद्याजवळ आणला.

"शालू, थांब जरा. हे मागे काय वाजतंय? घंटा का गं?"

शाल्मलीने देवळाकडची खिडकी सताड उघडली.